बॉन स्कॉट आणि त्याच्यानंतरचा आवाज

१९८० सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस ‘एसी/डीसी’ या रॉक बॅण्डची नवी तबकडी बाजारात आली. तिचे वेष्टन संपूर्ण काळे होते. त्यावर बॅण्डच्या नावाची केवळ एक पुसट बाह्यरेषा होती. तबकडी सुरू झाली की प्रथम एक जड घंटा सावकाश वाजू लागते, मग गिटार तिच्याभोवती घुटमळते आणि बऱ्याच वेळाने अतिशय उंच पट्टीतला, घसा खरवडून काढल्यासारखा एक आवाज येतो. तो आवाज ब्रायन जॉन्सनचा. ‘बॅक इन ब्लॅक’ नावाच्या या आल्बमचा जगभरातला खप पाच कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते, आणि म्हणूनच असंख्य श्रोत्यांची या बॅण्डशी पहिली ओळख जॉन्सनच्या आवाजातूनच झाली. घंटा मात्र वाजत होती ती दुसऱ्याच गायकासाठी. पाच महिन्यांपूर्वी, १९ फेब्रुवारी १९८० रोजी, दक्षिण लंडनमधल्या एका रस्त्यावर उभ्या असलेल्या छोट्या मोटारीत त्याचा शेवट झाला होता. वय अवघे तेहतीस.

बॉन स्कॉटचे चरित्र सांगताना जॉन्सनला टाळता येत नाही, ही त्याच्या आयुष्याची विचित्र गंमत आहे. साडेपाच वर्षांत सहा स्टुडिओ आल्बम करून, बॅण्डला जगाच्या उंबरठ्यापर्यंत आणून तो गेला आणि दार उघडले ते दुसऱ्यासाठी. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद रॉकच्या चाहत्यांत चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्यात उतरण्यापूर्वी मुळात हा माणूस कोण होता, हे पाहायला हवे.

रोनाल्ड बेलफोर्ड स्कॉटचा जन्म ९ जुलै १९४६ चा, स्कॉटलंडमधल्या फॉरफारचा. बालपणाची पहिली वर्षे गेली ती जवळच्याच किरीम्यूर या गावात. ‘पीटर पॅन’ या कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलाची कथा लिहिणारे जे. एम. बॅरी याच गावचे. योगायोगांना फार अर्थ देऊ नये हे खरे, पण स्कॉटच्या बाबतीत तो मोह आवरत नाही. १९५२ मध्ये हे कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले. युद्धानंतरच्या ब्रिटनमधून चांगल्या दिवसांच्या शोधात तिकडे जाणाऱ्या हजारो कुटुंबांपैकी ते एक. प्रथम मेलबर्न आणि १९५६ मध्ये देशाच्या पार पश्चिम टोकाचे फ्रीमॅण्टल बंदर. शाळेत आणखी एक रॉनल्ड होता, म्हणून या स्कॉटिश उच्चाराच्या पोराला मुलांनी ‘बॉनी स्कॉटलंड’वरून बॉन म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे कायमचे चिकटले.

वडील चिक यांना पाइप बॅण्डचा नाद होता. मुलगाही फ्रीमॅण्टलच्या स्कॉट्स पाइप बॅण्डमध्ये ड्रम वाजवू लागला. किल्ट नेसून, गळ्यात ड्रम अडकवून परेडमध्ये चालणारा हा मुलगा पुढे उघड्या छातीने, अंगावर गोंदण मिरवत मंचावर उभा राहील, अशी कल्पना त्या वेळी कोणी केली नसेल. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. शेतावर राबणे, कोळ्यांच्या होडीवर कामाला जाणे, वजनकाटे दुरुस्त करायला शिकणे अशी कामे त्याने केली. १९६३ मध्ये पोलिसांना खोटे नाव-पत्ता सांगणे, ताब्यातून पळून जाणे, पेट्रोल चोरणे अशा आरोपांवरून तो न्यायालयापुढे उभा राहिला आणि रिव्हरबँक या बालसुधारगृहात त्याला सुमारे नऊ महिने काढावे लागले. तिथून सुटल्यावर सैन्याने त्याला समाजात न रुळणारा ठरवून नाकारले. हे महिने त्याने पुढे लपवले नाहीत, मिरवलेही. त्याच्या गाण्यांत तुरुंग, फरारी आणि जुगारी माणसे वारंवार येतात, त्यांची ओळख इथली आहे.

यानंतरची दहा वर्षे म्हणजे अपयशाची लांबलचक उमेदवारी. १९६४ मध्ये ‘द स्पेक्टर्स’ या स्थानिक बॅण्डमध्ये तो ड्रम वाजवत असे आणि अधूनमधून गात असे. १९६६ मध्ये ‘द व्हॅलेण्टाइन्स’ निघाला. इथे गंमत अशी, की या बॅण्डला दोन मुख्य गायक होते, बॉन स्कॉट आणि व्हिन्स लव्हग्रोव्ह. दुसऱ्या गायकाशी तुलना होणे स्कॉटला सुरुवातीपासून नवे नव्हते. त्या काळी लव्हग्रोव्ह हा देखणा, मुलींचा लाडका आणि स्कॉट हा मागच्या फळीतला अशी स्थिती होती. एकसारखे कपडे, गोड गोड गाणी असा या बॅण्डचा थाट. स्कॉटला अंगावरचे गोंदण रंगाने झाकून मंचावर जावे लागे, असे सांगतात. १९६९ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल मंडळी पकडली गेली आणि वर्षभरातच बॅण्ड मोडला.

पुढचा मुक्काम ॲडलेड आणि बॅण्ड ‘फ्रॅटर्निटी’. आता लांब दाढी, लांबलचक रचना, गंभीर संगीत. स्कॉट इथे रेकॉर्डर हे बासरीसारखे वाद्यही वाजवी. १९७१ मध्ये एक मोठी राष्ट्रीय स्पर्धा जिंकून ही मंडळी इंग्लंडला गेली आणि तिथे त्यांची पार वाताहत झाली. लंडनमध्ये त्यांना कोणी विचारले नाही. नाव बदलून ‘फँग’ केले, तरी भाग्य बदलले नाही. १९७३ मध्ये इतरांच्या कार्यक्रमाआधी वाजवण्याची वेळ आली. त्या ‘इतरां’पैकी एक बॅण्ड होता न्यूकॅसलकडचा ‘जॉर्डी’, आणि त्याचा गायक होता ब्रायन जॉन्सन.

ही भेट कादंबरीत घातली तर संपादक कापून टाकील, पण ती घडली. एका रात्री जॉन्सन गाता गाता जमिनीवर कोसळला आणि लोळत किंचाळू लागला. पाहणाऱ्या स्कॉटला वाटले, काय जबरदस्त प्रयोग आहे! प्रत्यक्षात जॉन्सनला अपेंडिक्सची कळ आली होती आणि त्याला त्याच रात्री उपचारासाठी न्यावे लागले. स्कॉटच्या मनात मात्र तो गायक ठसला. लिटल रिचर्ड हे त्याचे दैवत होते आणि त्या जातीचा आरोळी ठोकणारा गायक आपण इंग्लंडमध्ये पाहिला, हे त्याने पुढे ‘एसी/डीसी’तल्या सहकाऱ्यांना सांगून ठेवले. आपल्या वारसाची शिफारस आपणच करत आहोत, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

इंग्लंडहून परतल्यावर सगळेच संपल्यासारखे झाले. १९७२ मध्ये आयरीन थॉर्नटन हिच्याशी झालेला विवाह विस्कटू लागला होता. स्कॉट एका खत कारखान्यात माल चढवण्याचे काम करत होता. मे १९७४ मध्ये एका तालमीतल्या भांडणानंतर तो दारूच्या नशेत मोटरसायकलवर बसून निघाला आणि भीषण अपघात झाला. फासळ्या मोडल्या, खांद्याचे हाड मोडले, दात पडले, गळ्याला जखमा झाल्या. तीन दिवस तो बेशुद्ध होता. बरा झाल्यावर त्याला काम दिले ते जुन्या जोडीदाराने, लव्हग्रोव्हने. भिंतींवर पोस्टर चिकटवायचे आणि बाहेरून आलेल्या बॅण्डना गाडीतून फिरवायचे. वय अठ्ठावीस. रॉकच्या धंद्यात हे वय निवृत्तीचे मानले जाई.

त्या सुमारास सिडनीहून ॲडलेडला एक पोरसवदा बॅण्ड आला होता. माल्कम यंग एकवीस वर्षांचा, धाकटा अँगस एकोणीस वर्षांचा. हेही कुटुंब मूळचे स्कॉटलंडचे, ग्लासगोहून १९६३ मध्ये आलेले. थोरला भाऊ जॉर्ज यंग ‘ईझीबीट्स’ या गाजलेल्या बॅण्डचा गिटारवादक आणि आता हॅरी वांडाबरोबर निर्माता. बॅण्डचे नाव शिवणयंत्रावरच्या विजेच्या खुणेवरून बहिणीने सुचवलेले, अँगसचा शाळकरी गणवेशही तिच्याच डोक्यातून निघालेला. ३१ डिसेंबर १९७३ रोजी सिडनीच्या ‘चेकर्स’ क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला होता, तेव्हा गायक होता डेव्ह इव्हान्स. यंग बंधूंचे आणि इव्हान्सचे पटत नव्हते. लव्हग्रोव्हने स्कॉटचे नाव पुढे केले. यंग बंधूंना तो म्हातारा वाटला, त्याला ही पोरे कोवळी वाटली. दोन्ही बाजूंचा गैरसमज एका तालमीत दूर झाला आणि १९७४ च्या शरदात स्कॉट त्यांच्यात आला. ऑस्ट्रेलियात तो वसंत होता, हे जाता जाता सांगायला हवे.

यानंतर जे घडले त्यात जॉर्ज यंगचा वाटा मोठा. स्कॉट पूर्वी ज्या गोड किंवा गंभीर साच्यांत स्वतःला कोंबत आला होता, ते साचे त्याने मोडायला लावले. स्कॉटचा खरा गुण होता गोष्ट सांगणे. तो चोपडीत सतत ओळी लिहून ठेवत असे. यंग बंधूंनी दिलेल्या दणकट, साध्या चालींवर त्या ओळी बसू लागल्या आणि दहा वर्षे भटकलेला हा माणूस जणू एका रात्रीत सापडला. फेब्रुवारी १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘हाय व्होल्टेज’, त्याच वर्षअखेरीस ‘टी.एन.टी.’, १९७६ मध्ये ‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’.

‘टी.एन.टी.’मधले पहिलेच गाणे ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’. शिखरापर्यंतची वाट किती लांब आणि खडतर आहे, हे गावोगाव फिरणाऱ्या बॅण्डच्या तोंडून सांगणारे. यात बॅगपाइप वाजतो. स्कॉट पाइप बॅण्डमध्ये होता म्हणजे त्याला बॅगपाइप येत असणारच, असे गृहीत धरून जॉर्जने तो आणायला सांगितला. स्कॉट तर ड्रमवाला होता. पण नाही म्हणण्याऐवजी तो बाजारात गेला, वाद्य विकत आणले आणि जेमतेम शिकून ध्वनिमुद्रणाला उभा राहिला. फेब्रुवारी १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून उघड्या ट्रकवर वाजवत जाणाऱ्या या बॅण्डचे चित्रीकरण झाले. स्कॉट हातात बॅगपाइप घेऊन हसतो आहे, मागून खरे पाइपवाले वाजवत आहेत, आणि फुटपाथवरची ऑफिसला निघालेली माणसे आ वासून पाहत आहेत. त्याला समजून घ्यायचे असेल, तर एवढी चित्रफीत पुरे.

स्कॉटच्या गाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पुढची तुलना त्यावर अवलंबून आहे. त्याचा आवाज खरखरीत होता, पण त्याचे शब्द स्वच्छ ऐकू येत. तो ओळ मागे खेचून म्हणे, मध्येच बोलल्यासारखे करी, एखाद्या शब्दावर डोळा मिचकावल्यासारखा रेंगाळे. गुत्त्यातल्या बाकावर बसून एखादा अट्टल माणूस आपली फजिती रंगवून सांगतो आहे, असा तो सूर. त्याची द्व्यर्थी गाणी तर विचारूच नका. दादा कोंडक्यांचे सिनेमे पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही जात लगेच ओळखू येईल. वरवर निरागस चेहरा आणि आत सगळा चावटपणा. यात एक दोषही होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. या गाण्यांतल्या स्त्रिया बहुतेक वेळा पुरुषाच्या विजयाच्या किंवा फजितीच्या निमित्तापुरत्या येतात. आजच्या श्रोत्याला त्यातली बरीच गाणी खटकतील आणि खटकावीत. एवढेच, की स्कॉट हसतो तो बहुधा स्वतःलाही. त्याचा नायक हरलेला, कफल्लक, रात्री एकटाच भटकणारा असतो. ‘राइड ऑन’ हे संथ गाणे ऐकावे. दंगामस्ती करणाऱ्या या माणसाच्या आत किती एकाकीपण साचले होते, ते तिथे उघडे पडते. १९७८ च्या ‘पॉवरेज’मध्येही खिशात दमडी नसलेल्या माणसांची गाणी आहेत. खप बेताचा झाला, पण जाणकार या आल्बमला त्याचे सर्वोत्तम लेखन मानतात आणि प्रस्तुत लेखकही त्यांच्याच बाजूचा आहे.

मंचावर अँगस हा पारा होता. स्कॉट त्याला खांद्यावर घेऊन थेट प्रेक्षकांत शिरे आणि गिटार न थांबता वाजत राही. मुख्य गायक असूनही दुसऱ्याला खांद्यावर मिरवण्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

१९७६ पासून बॅण्डने लंडनला तळ ठोकला, तरी अमेरिका दाद देत नव्हती. ‘डर्टी डीड्स’ तर अमेरिकेतल्या कंपनीने प्रसिद्धच केला नाही. १९७९ मध्ये जॉर्ज आणि वांडा यांना बाजूला करून रॉबर्ट जॉन लँग या निर्मात्याकडे सूत्रे देण्यात आली. सख्ख्या भावाला दूर करणे यंग बंधूंना सोपे गेले नसणार. लँग कमालीचा काटेकोर. त्याने कोरस घोटून घेतले, स्कॉटला श्वासावर काम करायला लावले. त्या जुलैमध्ये ‘हायवे टू हेल’ आला आणि अमेरिकेच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढला. लांबलचक वाटेचे शिखर दिसू लागले होते.

स्कॉटचे पिणेही तोवर हाताबाहेर गेले होते. २७ जानेवारी १९८० रोजी साउदम्प्टनला त्याचा बॅण्डबरोबरचा ब्रिटनमधला शेवटचा कार्यक्रम झाला. १८ फेब्रुवारीच्या रात्री तो लंडनच्या कॅमडेन भागातल्या ‘म्युझिक मशीन’ या क्लबात होता. परतताना मोटारीत त्याला झोप लागली. बरोबरच्या परिचिताला तो उठवता येईना, तेव्हा त्याला ईस्ट डलिचमध्ये गाडीतच झोपू देण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिले, तेव्हा तो निपचित होता. किंग्ज कॉलेज इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केले. मद्याची तीव्र विषबाधा आणि अपघाती मृत्यू असा निर्णय चौकशीत झाला. त्यानंतर या रात्रीबद्दल पुस्तके लिहिली गेली, नाना तर्क लढवले गेले. पण हिवाळ्याच्या रात्री एक मित्र शुद्धीवर येत नसेल, तर त्याला झोपू द्यायचे नसते, ही साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. अर्थात ती जाण त्या काळी नव्हती आणि त्या वर्तुळात तर मुळीच नव्हती.

बॅण्ड मोडायचा विचार यंग बंधूंनी केला होता. फ्रीमॅण्टलला अंत्यविधीच्या वेळी चिक स्कॉट यांनी त्यांना थांबू नका, दुसरा कोणी शोधा, असे सांगितल्याचे माल्कमने पुढे नमूद केले आहे. मुलाच्या चितेची राख निवण्यापूर्वी असे सांगणाऱ्या या बापाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

इकडे ब्रायन जॉन्सनचे काय चालले होते? तो ५ ऑक्टोबर १९४७ चा, गेट्सहेडजवळच्या डन्स्टनचा. वडील सैन्यात सार्जंट मेजर आणि मग कोळसा खाणीत, आई इटालियन. ‘जॉर्डी’चे १९७३ मधले एक गाणे ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते, पण नंतर सगळे ओसरले. बत्तिसाव्या वर्षी तो आईवडिलांच्या गावी मोटारींची छपरे व्हिनाइलने मढवून देण्याचा छोटा धंदा करत होता. मार्च १९८० मध्ये लंडनला बोलावणे आले. जावे की नाही, याचा तो विचार करत असतानाच व्हॅक्यूम क्लीनरच्या एका जाहिरातीचे गाणेही लंडनलाच गायचे ठरले, म्हणून एका फेरीत दोन्ही कामे उरकावीत असा हिशेब त्याने केला. चाचणीच्या ठिकाणी पोहोचून तो खाली कामगारांबरोबर पूल खेळत बसला आणि वर मंडळी वाट पाहत राहिली. मग त्याने टीना टर्नरचे ‘नटबुश सिटी लिमिट्स’ म्हटले, त्यानंतर स्कॉटचेच ‘होल लॉटा रोझी’. काही दिवसांत निवड पक्की झाली.

एप्रिलमध्ये सगळे बहामा बेटांवरच्या नासाऊला गेले. निर्माता पुन्हा लँगच. चाली बऱ्याचशा तयार होत्या आणि शब्द नव्याने लिहायचे होते. हे काम जॉन्सनवर आले. मेलेल्या माणसाची चोपडी बंद झालेली, समोर त्याचे शोकाकुल मित्र, बाहेर वादळी पाऊस. त्या विजांचा कडकडाटच त्याने घंटेच्या गाण्याच्या आरंभी घातला. घंटेची कथाही ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये लाफबरो येथे युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातली घंटा मुद्रित करायचा प्रयत्न झाला, पण प्रत्येक ठोक्यासरशी आतले पक्षी फडफडून उडत आणि मुद्रण वाया जाई. शेवटी मंचासाठी त्याच गावच्या टेलर यांच्या ओतशाळेत जी सुमारे एक टनाची घंटा ओतली जात होती, तिचाच आवाज घेतला गेला.

या आल्बममधल्या काही ओळी स्कॉटच्या चोपडीतल्या आहेत, असा आरोप त्याच्या काही चरित्रकारांनी केला आहे. बॅण्डने तो सतत फेटाळला. श्रेय यंग, यंग आणि जॉन्सन असेच आहे. एखाद-दोन ठिकाणी स्कॉटची ढब जाणवते हे खरे, पण साडेपाच वर्षे ज्या माणसाने बॅण्डची भाषा घडवली, त्याच्या जागी आलेला माणूस तीच भाषा बोलू पाहणार, यात नवल ते काय? तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही.

आता तुलना. जॉन्सनचा आवाज स्कॉटपेक्षा चढा आणि अधिक अणकुचीदार आहे. गिटार आणि ड्रम यांच्या भिंतीवरून तो सरळ पलीकडे जातो. स्टेडियममध्ये ऐंशी हजार माणसांपर्यंत पोहोचायला असाच आवाज लागतो आणि बॅण्ड नेमका तेव्हाच क्लबांतून स्टेडियममध्ये गेला. स्कॉटचा आवाज तिथे कितपत टिकला असता, हा प्रश्न त्याच्या भक्तांना आवडत नाही. उलट जॉन्सनच्या गाण्यात माणसे दिसत नाहीत. घंटा आहे, तोफा आहेत, वीज आहे, पण फजिती झालेला कफल्लक नाही. चावटपणा राहिला, डोळा मिचकावणे गेले. स्कॉट गाण्यातून आपली हकीकत सांगत होता, जॉन्सन बॅण्डची गर्जना करत होता. १९९० च्या ‘द रेझर्स एज’पासून तर शब्दलेखन यंग बंधूंनी स्वतःकडे घेतले आणि गायकाकडे केवळ गाणे उरले. स्कॉट असता, तर हे त्याने मानले असते का?

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर गीतकार म्हणून स्कॉटच्या जवळपासही जॉन्सन पोहोचत नाही. पण १९८० च्या त्या उन्हाळ्यात जॉन्सनने जे केले, ते स्कॉटलाही जमले नसते. त्याने दुसऱ्याच्या शोकात परका म्हणून प्रवेश केला, मयताची नक्कल केली नाही, आणि त्याच्याविषयी एक वावगा शब्द न काढता स्वतःची जागा मिळवली. डोक्यावरची ती प्रसिद्ध चपटी टोपीही, डोळ्यांत घाम उतरू नये म्हणून भावाने दिलेली.

गंमत पुढे आहे. ‘बॅक इन ब्लॅक’चा खप पाहून अमेरिकन कंपनीला पाच वर्षांपूर्वी नाकारलेला ‘डर्टी डीड्स’ आठवला आणि १९८१ मध्ये तो घाईने प्रसिद्ध झाला. मयत गायकाचा जुना आल्बम तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी जॉन्सनचा दुसरा आल्बम यायचा होता. म्हणजे स्कॉटच्या मृत्यूनंतर एका वर्षात जॉन्सनला प्रत्यक्ष दुकानात स्कॉटशीच स्पर्धा करावी लागली. नोव्हेंबरमध्ये आलेला त्याचा ‘फॉर दोज अबाउट टू रॉक’ पहिल्या क्रमांकावर पोहोचला, हा भाग वेगळा. अमेरिकेला स्कॉट खऱ्या अर्थाने कळला तो असा, उशिरा आणि आपल्या वारसाच्या पाठोपाठ.

२००३ मध्ये ‘एसी/डीसी’ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेव्हा त्यात स्कॉटचेही नाव होते. २००४ मध्ये मेलबर्नने एका बोळाला बॅण्डचे नाव दिले. फ्रीमॅण्टलच्या दफनभूमीत, जिथे त्याच्या अस्थी आहेत, तिथे इतके लोक येतात की ते स्थळ वारसा म्हणून नोंदवले गेले. २००६ मध्ये, त्याच्या साठाव्या जन्मदिनाच्या सुमारास, तिथली कांस्यपट्टिका चोरीला गेली. पेट्रोल चोरून आयुष्याला सुरुवात केलेल्या माणसाला यात विनोद दिसला असता. २००८ मध्ये फ्रीमॅण्टलच्या मासेमारी बंदरावर आणि २०१६ मध्ये किरीम्यूरला त्याचे पुतळे उभे राहिले. किरीम्यूरच्या पुतळ्याच्या हातात बॅगपाइप आहे.

ते २०१६ साल जॉन्सनला कठीण गेले. ऐकू येणे पार जाईल, असा इशारा डॉक्टरांनी दिल्याने त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम ‘गन्स अँड रोझेस’च्या ॲक्सल रोझने पूर्ण केले. म्हणजे आपल्या जागी दुसरा उभा राहिलेला पाहणे त्याच्याही नशिबी आले. फरक इतकाच, की तो ते पाहायला जिवंत होता. पुढच्या वर्षी माल्कम आणि जॉर्ज यंग दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. जॉन्सन मात्र नव्या श्रवणयंत्रांच्या आधाराने २०२० च्या ‘पॉवर अप’ आल्बममध्ये आणि मग मंचावर परतला.

चार दशकांहून अधिक काळ स्कॉटची अनेक गाणी जॉन्सन रोज रात्री गात आला. ‘हायवे टू हेल’ तर त्याला चुकवताच येत नाही. ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ला मात्र त्याने हात लावला नाही. ते बॉनचे आहे, अशी बॅण्डमध्ये समजूत आहे, आणि स्कॉट गेल्यापासून ते गाणे ‘एसी/डीसी’ने मंचावर वाजवलेले नाही.